बातमीत न आलेलं पाणी

पासष्टच्या लढाईनंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात, श्रावणातल्या अमावास्येच्या उधाणाने पेण तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावाचा बांध फुटला. खांड वीस हात रुंद होती. गावाने ती पुढच्याच ओहोटीत, साडेतीन तासांत बुजवली. कामावर हुकूम निवृत्त हवालदार भागोजी मोरे यांचा चालत होता. काम संपल्यावर त्यांना पाणी देण्यात आलं ते वरून, ओंजळीत. त्यांनी ओंजळ पुढे केली नाही.

मी तेव्हा एका दैनिकाचा पेणचा बातमीदार होतो. हवालदारांना मी त्या दिवशी प्रथम पाहिलं. पंचेचाळिशीचा, बारीक अंगाचा माणूस छातीपर्यंत चिखलात उभा होता. खांड बुजवताना माणसांची साखळी करतात आणि चिखलाचे गोळे हातोहात पुढे जातात. गावातली माणसं आणि बौद्धवाडीतली माणसं एकाआड एक उभी होती. हवालदार वाडीतले. ते ओरडत नव्हते. "लाईन तोडू नका. दमला त्यानं सांगावं, बसू नये," एवढंच अधूनमधून म्हणत होते.

माझी बातमी सहा ओळींची आली. चौथ्या दिवशी हवालदार एसटीने पेणला आले आणि माझ्या टेबलासमोर ताठ उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"बातमी वाचली. खांड आली, माती आली, माणसं आली. पाणी नाय आलं."

जागा कमी होती, असं मी सांगितलं.

"किती लागली असती?"

"एक ओळ."

"म्हणजे एक ओळीची जागा नव्हती. बरं." ते वळले आणि गेले. त्या आवाजात राग नव्हता. पहारा संपवून दुसऱ्याच्या हाती देणाऱ्या माणसाचा थकवा होता.

पुढे ते दर आठवड्याला यायला लागले. पेणच्या कचेरीत त्यांचे अर्ज असत. काम झालं की माझ्याकडे चहा घेत. मी काही सांगितलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "ऐकलेलं का बघितलेलं?" ऐकलेलं असलं तर ते चहाकडे बघत राहत.

कोरियाची हकीकत त्यांनी मला तिथेच सांगितली. तिथली लढाई थांबल्यावर, मायदेशी परत जायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांवर पहारा ठेवायला भारताने सैन्य पाठवलं होतं. भागोजी त्यात नाईक होते. त्या कैद्यांत थोडे अमेरिकन होते आणि त्यांतले काही काळे. एका काळ्या शिपायाच्या तंबूवर भागोजींची ड्यूटी होती. थंडी अशी की बंदुकीला उघडा हात लावता येत नसे. बोलणं अर्धं इंग्रजीत, अर्धं हातवाऱ्यांनी.

"मी इचारलं, घरी का नाय जात? म्हणला, खंदकात गोऱ्याची न माझी बाटली एक. गावात नळ दोन. तिथं जाऊन काय करू? मग मलाच इचारतो, तुझ्या गावात कसं? मी म्हटलं, होतं तसंच. पण आता घटनेत लिवलंय, कायद्यानं बंद. तो हसला नाय. म्हणला, मग तू घरी जा."

"आणि तुम्ही आलात."

"आलो."

शिपाई त्या हिवाळ्यात चीनकडे गेला. पुढे त्याचं काय झालं, हे हवालदारांना ठाऊक नव्हतं.

गावात गोड्या पाण्याचं तळं एकच. चहूकडून खाडी, त्यामुळे जमीन कुठेही खणली तरी मचूळ पाणी लागे. वाडीतल्या बायका तळ्याच्या काठावर हंडे ठेवून उभ्या राहत. गावातली कोणी आली आणि तिच्या मनात आलं तर वरून ओतून देई. हवालदारांच्या पत्नी सोनाबाई रोह्याच्या. माहेरी त्या आपल्या हाताने पाणी भरत आल्या होत्या. लग्नानंतर बावीस वर्षं त्या या तळ्यावर उभ्या राहिल्या. हवालदारांचे अर्ज तेवढ्यासाठी होते. दोनदा कचेरीतून माणूस चौकशीला आला. तो असेपर्यंत कोणी कोणाला अडवलं नाही. दोन्ही पंचनाम्यांत 'तळे सर्वांस खुले आहे' असं लिहिलेलं आहे. खाली वाडीतल्या चौघांचे अंगठेही आहेत.

पुढच्या वर्षी भाद्रपदात बांध पुन्हा त्याच जागी फुटला. मी सकाळच्या एसटीने पोचलो तेव्हा ओहोटी लागली होती आणि हवालदार घराच्या ओट्यावर बसून होते. वाडीतली माणसं ते उठायची वाट बघत भोवती उभी होती. गावचे पोलीस पाटील स्वतः वाडीत आले. मागे पंधरावीस जण.

"हवालदार, चला. पाणी उतरलं."

"सोनाबाईला तळ्यात हंडा बुडवू द्या. मग येतो."

"ही येळ हाय का?"

"दुसरी कंची देता?"

मागून कोणीतरी म्हणालं, "मिल्ट्रीत संप शिकून आलाय."

"मिल्ट्रीत संप नसतो, बाबा. रेशन असतं. सगळ्यांना सारखं."

हवालदारांचा धाकटा भाऊ हरी पुढे आला. वाडीतली माणसंही त्याच बांधाआड कुळाने भात लावत होती. "दादा, आपलं पण भात जाईल. खारं पाणी जात बघत नाय."

"म्हणून तर खाऱ्या पाण्यात सगळे एका लाईनीत," हवालदार म्हणाले. "मी गोड्याचं इचारतोय."

पाटील म्हणाले, काम झाल्यावर बघू. हवालदार म्हणाले, गेल्या साली काम झालं होतं. पाटील म्हणाले, मी हो म्हटलं तरी गाव ऐकणार नाय. हवालदार म्हणाले, "मी गावाला नाय इचारत. तुमाला इचारतो." पाटील अंगणातच उभे राहिले. माझ्या घड्याळात अकरा वीस झाले होते.

पाटलांनी "भरू दे तिला" असं म्हटलं तेव्हा बारा वीस झाले होते. सोनाबाई तळ्याच्या मधल्या पायऱ्यांनी, गावातल्या बायका उतरत त्याच पायऱ्यांनी, खाली उतरल्या. हंडा बुडवला. तो डोक्यावर घ्यायला कोणी हात दिला नाही. वाडीतल्या एकीने वरून विचारलं, "भरलास का गो?"

"भरला. जड हाय."

हवालदार तोवर बांधावर पोचले होते. साखळी उभी राहिली. खांड तीन हात उरली असताना भरती लागली आणि तासाभरात सगळा भराव वाहून गेला. संध्याकाळी शेतांवरून आलेलं खाडीचं पाणी तळ्यात शिरलं.

त्या जमिनीत तीन वर्षं भात झालं नाही. तळंही तितकीच वर्षं खारट राहिलं. सगळं गाव बैलगाडीने पिंपं आणून पाणी प्यायलं. तो एक तास हवालदारांच्या नावावर लागला. वाडीतले लोकही तसंच म्हणत. हरीने बोलणं सोडलं. हवालदार सोनाबाईंना घेऊन पेणला रामवाडीत राहायला आले आणि एका गणपतीच्या कारखान्यात पहाऱ्याला लागले.

पश्चात्ताप होतो का, असं मी एकदाच विचारलं.

"एक तास गेला, खरंय. तो पाटलाला लागला. मला एक मिनिट नव्हतं लागलं." मग म्हणाले, "पण भात सगळ्यांचं गेलं."

तळं गोडं झाल्याचं रामवाडीत कळलं तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते. छातीचा विकार होता. हरीची बायको आता तळ्यावर आपल्या हाताने पाणी भरते, असंही कोणीतरी सांगितलं होतं.

"ऐकलेलं हाय," ते मला म्हणाले. "तुम्ही बघून या."

मी गुरुवारी सकाळी गेलो. सव्वासात वाजता हरीची बायको आली. तिने स्वतः हंडा बुडवला आणि घेऊन गेली. काठावर गावातल्या पाच बायका होत्या. कोणी अडवलं नाही. दुपारी मी रामवाडीत येऊन हे सांगितलं.

"कंच्या पायऱ्यांनी उतरली?"

मधल्या पायऱ्यांनी नाही, असं मी सांगितलं. उत्तरेच्या कोपऱ्यावरून, जिथून गुरं पाण्याला उतरतात तिथून.

त्यांनी मान हलवली. सोनाबाईंनी त्यांच्या पाठीमागची उशी सरळ केली.

हवालदार भागोजी मोरे त्याच कार्तिकात वारले. त्यानंतर मी त्या गावात दोनदा गेलो, एकदा माघात आणि एकदा वैशाखात. दोन्ही वेळा हरीची बायको उत्तरेच्या कोपऱ्यावरूनच पाणी भरत होती.