मेट्रनच्या पायाची जखम

"आधी हात धुवा. मग दुखनं सांगा."

आमच्या आळीत कुणाचं बोट कापलं, कुणाचं ढोपर फुटलं, कुणाला कुकरची वाफ लागली, की माणूस एका बाईंच्या दारात जायचा आणि पहिल्यांदा हेच ऐकायचा. दाराशी बादली, प्लॅस्टिकचा मग आणि साबणाची वडी कायम ठेवलेली असे. त्या स्वतःही कोपरापर्यंत हात धुवायच्या आणि पाणी निथळेपर्यंत ते वर धरून उभ्या राहायच्या. एकदा निवडणुकीला उभे राहिलेले एक गृहस्थ हात जोडून मतं मागायला आले. आतून आवाज आला, "आधी हात धुवा." बिचाऱ्यांनी मुकाट धुतले. पुढे त्यांना मत मिळालं की नाही, ते बाईंनी कुणालाच सांगितलं नाही.

तुमच्याही आळीत असं एखादं माणूस असेल, आठवून बघा. नाव सांगत नाही. आम्ही त्यांना सिस्टर म्हणायचो आणि त्या दर वेळी दुरुस्त करायच्या, "सिस्टर न्हाई बाबा, आया हुते मी. बत्तीस वर्सं वार्डात." नगरच्या एका दवाखान्यात त्यांची नोकरी झाली. माहेर पुणतांब्याचं, आणि एकुलती मुलगीही तिथेच दिलेली. नवरा तरुणपणीच गेलेला. रविवारी चर्चला जाताना पांढरी साडी, बाकीचे सहा दिवस खांद्यावर टॉवेल.

निवृत्त झाल्यावर त्यांनी चार कोंबड्या पाळल्या. त्यांतली करड्या ठिपक्यांची, जाडजूड, मान ताठ ठेवून चालणारी कोंबडी म्हणजे मेट्रन. "बगा कशी राउंडला निघाली," त्या म्हणायच्या. उरलेल्या तिघी नर्सा. दारात एक पिवळा कुत्रा पडलेला असायचा, त्याचं नाव वॉर्डबॉय, कारण कामाच्या वेळी तो हमखास झोपलेला असे. रोज सकाळी त्याला भाकरीचा एक चतकोर ठरलेला होता. तो खाऊन तो मेट्रनच्या शेजारीच आडवा व्हायचा. ती त्याच्या पाठीवरच्या माश्या टिपायची.

मी त्यांचा भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी. नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो. त्या दिवशी माझ्या हातून लेथवरचा एक जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, बिघडला होता आणि सुपरवायझरनं सगळ्यांसमोर विचारलं होतं, "इतक्या वर्षांत शिकलात काय?" पहिली पाळी संपवून चारच्या सुमाराला घरी आलो. घरामागं मी मेथीचा एक छोटा वाफा केला होता, नुकता उगवून आलेला. मेट्रन त्यात उभी राहून दोन्ही पायांनी माती उडवत होती.

मी विटेचा तुकडा उचलला आणि मारला.

हुसकावायला नव्हे. लागावा म्हणूनच मारला. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर बरेच दिवस मी स्वतःला उलटंच पटवत होतो. ती ओरडली, एका पायावर उड्या मारत कुंपणातून पलीकडं गेली. मी हातपाय धुतले आणि चहा मागितला.

तासाभरानं हाक आली. "भाऊ, जरा येता का? मेट्रनला धराया मानूस पायजे."

गेलो. मेट्रनच्या मांडीवर, पायाच्या वरच्या अंगाला, कातडी रुपयाएवढी फाटली होती. पिसांना रक्त चिकटून वाळलं होतं. बाईंनी मला हात धुवायला लावले, मग कोंबडी टॉवेलात गुंडाळून माझ्या मांडीवर दिली आणि टॉवेलाचं टोक तिच्या डोक्यावरून घेतलं.

"डोळ्यापुढं अंधार झाला की गप बसत्यात. मानसांचं न्हाई तसं."

त्यांनी पाय हळूच लांब केला, हाडावरून बोट फिरवलं. "हाड शाबूत हाय. देवाची किरपा." उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्यात कापूस बुडवून त्या रक्त सोडवू लागल्या. पीस एकही ओढलं नाही. भिजवायचं, थांबायचं, पुन्हा भिजवायचं. माझ्या तळहाताखाली मेट्रनचं काळीज इतकं जोरात उडत होतं, की मला वाटलं, त्यांना ते ऐकू जातंय.

जखमेवर तपकिरी औषध लावताना त्या म्हणाल्या, "कुत्र्यानंच धरली असंल. दुसरं कोन? इथंच लोळत असतो मेला."

मी म्हणालो, "असेल."

एवढाच एक शब्द.

दुसऱ्या कोंबड्या रक्त दिसलं की टोचतात, म्हणून मेट्रनला निराळं, डालग्याखाली ठेवलं. माश्या बसू नयेत म्हणून वरून मच्छरदाणीचा तुकडा. सकाळी कामावर जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर मी तिला धरायचं, त्यांनी जखम धुवायची, असं ठरलं. मी एकदाही चुकलो नाही. बायकोला वाटलं, शेजारधर्म. बाई तर आल्यागेल्याला सांगायच्या, "असा शेजारी मिळाया नशीब लागतं. पोटचं लेकरू धरावं तशी धरत्यात."

हे ऐकताना मी कोंबडीकडं बघत बसायचो.

वॉर्डबॉयचा चतकोर मात्र बंद झाला. सकाळी तो ठरलेल्या जागी येऊन बसायचा आणि बाई कधी नव्हे ती काठी उगारायच्या, "चल! खाल्ल्या घरचं वासं मोजतो!" तो चार पावलं मागं सरकायचा आणि पुन्हा बसायचा. शेपटी जमिनीवर हळूहळू आपटायची. मी डबा घेऊन त्याच्या शेजारून बस पकडायला जायचो. चौथ्या दिवशी त्याच्या बरगड्या दिसू लागल्या, की मला तसं वाटलं, सांगता येत नाही. मी डब्यातली पोळी काढून त्याच्यापुढं टाकली. त्यानं हुंगली आणि पुन्हा बाईंच्या दाराकडं तोंड केलं. पोळी तशीच पडून राहिली.

सहाव्या दिवशी मेट्रननं अंडं दिलं. बाईंनी ते धुऊन, पुसून माझ्या घरी आणलं. "तिच्याकडून तुमाला. मी न्हाई खानार हे." बायकोनं आम्लेट केलं. मी खाल्लं. चांगलं झालं होतं.

आठव्या दिवशी सकाळी पट्टी उरकून मी निघालो होतो. वॉर्डबॉय फाटकातून अर्धा आत आला होता. बाईंनी काठी खरोखरच मारली. फार जोरात नाही, पण तो केकाटला. मी फाटकातच थांबलो.

"सिस्टर, मारू नका त्याला. त्यानं केलं नाही."

"मग कुनी?"

"मी. वीट मारली मी. माझी मेथी उकरत होती."

त्या बघत राहिल्या. मला वाटलं, ओरडतील. मी त्याचीच वाट पाहत होतो, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांचा आवाज वॉर्डात बोलावं तसा खाली होता.

"इटकर मारली त्याचं काय न्हाई, भाऊ. राग येतो मानसाला. आमच्याकडं मारनारं बी यायचं आन मार खाल्लेलं बी. आमी दोघांची पट्टी केली." मग कुत्र्याकडं बघून म्हणाल्या, "पर आठ दिस मी ह्या मुक्या जिवाला उपाशी ठिवलं. तुमी रोज बगत हुता."

 

त्या आत गेल्या. भाकरी घेऊन आल्या, चतकोर नव्हे, अख्खी. त्यांचे गुडघे दुखायचे, तरी भिंतीला धरून त्या पायरीवर बसल्या, तुकडे केले आणि हात पुढं केला. कुत्रा आधी येईना. "ये रं. माजं चुकलं. लई चुकलं माजं." तीन-चारदा म्हणाल्या. शेवटी तो पोट जमिनीला घासत आला. त्या त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या आणि पुन्हा पुन्हा त्याची माफी मागत राहिल्या. माफी माझ्या वाटणीची होती. मी डब्याची पिशवी धरून उभा होतो आणि तिथून जायचंही मला सुधरत नव्हतं.

संध्याकाळी मी हात धुऊन त्यांच्या अंगणात गेलो. मेट्रनला दोन गुडघ्यांत धरून, टॉवेलाचं टोक दातांत पकडून त्या एकट्याच जखम धूत होत्या. मला बघून टॉवेल सोडला आणि म्हणाल्या, "न्हाई, आता जमतं मला. तुमी दमून आला असाल." रागानं नाही. म्हणूनच ते लागलं. त्यानंतर त्यांनी मला पुन्हा कधी बोलावलं नाही. जखम भरली, पिसं आली. आमचं बोलणं सुरू राहिलं, सणाची ताटं इकडून तिकडं गेली, नाताळची करंजी आली. फक्त त्या कोंबड्यांचं काही मला सांगत नसत, आणि मीही विचारत नसे.

पुढं गुडघ्यांनी फारच धरलं तेव्हा मुलगी येऊन त्यांना पुणतांब्याला घेऊन गेली. दोन वर्षांनी तिचाच फोन आला. दफन होऊन गेलं होतं, प्रार्थनासभा रविवारी होती. आम्ही दोघं गेलो.

सतरंजीवर साठ-सत्तर माणसं बसली होती. पाळकांनी विचारलं, कुणाला बाईंची आठवण सांगायची आहे का? एकानं तुटलेल्या अंगठ्याची सांगितली, एकीनं बाळंतपणाची. मी उठलो. विटेपासून सगळं सांगितलं, कुत्र्याची उपासमारही सांगितली. कोंबडीचं नाव मेट्रन म्हटल्यावर लोक हसले, आणि शेवटपर्यंत थोडे थोडे हसतच राहिले. त्यांना ती गंमत वाटली. बायको मात्र हसली नाही. तिला हे मी कधी सांगितलेलं नव्हतं.

चहाच्या वेळी मुलगी जवळ आली. "आई तुमच्याबद्दल पुष्कळ बोलायची. हे मात्र कधीच बोलली नाही."

"काय बोलायच्या?"

ती उत्तर देणार, तेवढ्यात आत पेटी वाजू लागली. शेवटचं गीत होतं. सगळे उठून आत गेले, तीही जाऊन बायकांच्या रांगेत उभी राहिली. म्हाताऱ्या बायका डोळे मिटून, पुस्तक न बघता गात होत्या. शेजारच्या माणसानं आपलं गीतांचं पुस्तक माझ्याकडं सरकवलं, पण पान सापडेपर्यंत दुसरं कडवं संपलं होतं. मी पुस्तक मिटलं आणि गाणं संपेपर्यंत नुसता उभा राहिलो.