बोधकथेच्या जागी माझं स्वप्न

"आज बोधकथा नको. आज हिचं स्वप्न ऐकू."

असं म्हणून मुख्याध्यापक सरांनी माइक माझ्या हातात दिला. सकाळचा परिपाठ. प्रार्थना झाली होती, सुविचार झाला होता. सगळी शाळा पटांगणावर रांगेत उभी. मी नववीत होते. आदल्या रात्री वसतिगृहात झोपेत किंचाळले होते, आणि गृहपाल मॅडमनी ते सरांच्या कानावर घातलं होतं.

मी सांगितलं. काय करणार? तलावाच्या गाळात पाय रुतलेत. पाणी तोंडाशी आलंय. पाळीवर, तलावाच्या बांधावर, माणसं उभी आहेत. कोणी हात देत नाही.

सर हसले. म्हणाले, "ढिवराची पोट्टी अन् पाण्याले भेते?"

शाळा हसली. शिक्षकसुद्धा. मी माइक धरून तशीच उभी. खाली ठेवावा की परत द्यावा, तेही सुचेना.

आम्ही जातीनं ढिवर. माझा बाप अर्जुनी मोरगावकडच्या आमच्या गावात तलावात मासे धरतो. पाण्याची भीती मला कधीच नव्हती. गोंदियाला शिकायला आले आणि पहिल्याच आठवड्यात शेजारच्या मुलीनं आपली गादी उचलून भिंतीकडे नेली. वास येतो म्हणाली. मॅडम तिला काही बोलल्या नाहीत. मला विचारलं, "रोज नहाती है ना?" मी दोनदा अंघोळ करायला लागले. साबण पुरेना. जेवताना जवळ कोणी बसेना, म्हणून अर्धपोटी उठायचे. स्वप्न पडायला लागलं ते तेव्हापासून. पाळीवरची माणसं गावची नव्हतीच. ती कोण होती, हे मात्र मी माइकवर सांगितलं नव्हतं.

त्या परिपाठानंतर माझं नाव 'डुबकी' पडलं. मॅडमनी बजावलं, "फिर चिल्लाई तो नाम कटेगा." नाव कटलं की शाळा संपली. आमच्या गावात सातवीच्या पुढे वर्ग नाहीत. मग मी झोपायचंच नाही असं ठरवलं. मांडीला चिमटे काढत जागायचे. गणिताच्या तासाला डोळा लागायचा, छडी पडायची. आणि जितकं जागावं तितकं ते स्वप्न जास्त जोर करायचं. मला वाटायचं, वेड लागलंय आपल्याला. रात्र होऊ नये वाटायचं आणि सकाळही होऊ नये वाटायचं.

मॅडमनी बाबांना बोलावलं. "बाहर का लगा है इसको. झाड़-फूंक कराओ." बाबा दाराबाहेर चपला काढून उभे. हात जोडलेले. "चुकी झाली बाई. एक डाव माफ करा." कशाची चुकी? झोपेत ओरडल्याची? थंडीत गळ्याइतक्या पाण्यात उभा राहणारा माणूस तिथे थरथरत होता. मला बघवेना.

पुढे काही दिवसांनी देवरीकडची सहावीतली एक मुलगी झोपेत रडली. सकाळी सरांनी तिलाही पुढे बोलावलं. तिचे ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. पोरं हसायला टपलेलीच.

मी रांग सोडली. तिच्या हातातून माइक घेतला.

"सर, मी स्वप्न अर्धंच सांगितलं होतं. पाळीवर तुम्ही राहता. मॅडम राहतात. ही सारी शाळा राहते. सारे हासून राहता. मी पाण्याले नाही भेत, सर. तुमाले भेते."

कोणी हसलं नाही. सरांनी माइकची वायर उपटून काढली.

बाबांना पुन्हा बोलावणं. ते दारातच पुन्हा हात जोडायला लागले. मी त्यांचे हात धरले आणि खाली केले. "काऊन वं बाई, असं काऊन करून राहिली?" ते घाबरून मला विचारायला लागले. मी म्हटलं, "आपली चुकी नाही, बाबा." मग मॅडमना म्हटलं, "नाव कापायचं तर कापा. मी रोज येऊन फाटकात बसन. कोणी विचारलं तर सांगन, काऊन बसली." नाव कापलं नाही. माया आली म्हणून नव्हे, बोभाटा होईल म्हणून.

आता मी कॉलेजात आहे. स्वप्न गेलेलं नाही. परीक्षा जवळ आली, किंवा आडनाव ऐकून कोणी गप्प झालं, की येतंच. मी किंचाळते. खोलीतल्या मुली उठून विचारतात, काय झालं? मी सगळं सांगते, पाळीवर कोण कोण उभं होतं ते नावानिशी. लोक म्हणतात, विसर आता. मी विसरणार नाही. झोपेत किंचाळल्याबद्दल मी कोणाची माफी मागणार नाही, आणि माझ्या बापालाही मागू देणार नाही.