संध्याकाळचा रकाना

बारतांग नदीच्या खोऱ्यात पाशदरा म्हणून अकरा घरांचं गाव आहे आणि त्यातल्या शेवटच्या घरात कदमशो राहतो. त्याच्या घरापुढं वस्ती नाही. पुढं फक्त रस्ता, आणि अर्ध्या तासाच्या वाटेवर त्याला आडवा येणारा शिरदऱ्याचा ओढा. तिथं पूल दोनदा बांधला, दोनदा वाहून गेला. तिसऱ्यांदा कुणी मनावर घेतलं नाही.

कदमशो पाणी मोजतो. तरुणपणी सरकारनं त्याला हे काम दिलं. ओढ्याच्या काठाला एक काळा खडक आहे, त्यावर पांढऱ्या रंगानं दहा रेघा मारलेल्या. सकाळी सातला जायचं, संध्याकाळी सातला जायचं, पाणी कितव्या रेघेला टेकलंय ते बघायचं आणि वहीत लिहायचं. एक रकाना सकाळचा, एक संध्याकाळचा, एक शेऱ्याचा. पुढं ते सरकार गेलं, पगार गेला, वही तपासायला येणारा साहेबही गेला. कदमशो जातच राहिला. छापील वह्या संपल्या तेव्हा शाळेच्या वह्यांवर पट्टीनं रकाने आखून तो लिहू लागला.

संध्याकाळचं मोजमाप त्याची बायको झेबो करायची. शेळ्या आणायला तशीही त्याच बाजूला जायची. येताना आकडा तोंडात घोळवत आणायची आणि दारातूनच सांगायची. दोन हिवाळ्यांपूर्वी ती वारली. मुलगा मॉस्कोला, मुलगी खाली खोरोग शहरात. संध्याकाळचा रकाना तेव्हापासून कोरा. त्या वेळेला त्या वाटेवर पाऊल टाकायला कदमशोचे पाय धजत नसत.

त्याच्या दाराशी थांबत ते फक्त परदेशी सायकलवाले. जूनमध्ये घाटावरचा बर्फ फुटला की ते खालून येत. दोन्ही बाजूंना फुगलेल्या पिशव्या, सोललेली नाकं, चाकांवर खोऱ्याची सगळी धूळ. कदमशो त्यांना मिठाचा दूधचहा देई, त्यात रोटी मोडून देई, आणि पाण्याचं सांगे. उद्या सकाळी जा. किंवा, आत्ता निघालात तर जमेल. आजवर त्याच्या शब्दावर गेलेलं कुणी वाहून गेलं नव्हतं. या गोष्टीचा त्याला अभिमान होता, आणि का नसावा?

गेल्या जूनमध्ये येझी नावाचा पोलंडचा एक माणूस आला. साठीला टेकलेला, रशियन बोलणारा. एक रात्र राहायचं म्हणून आला आणि पाय दुखतात म्हणून दोन राहिला. छपराच्या झरोक्याची मोडलेली कडी त्यानं न सांगता बसवून दिली. संध्याकाळी कदमशो झेबोबद्दल बोलला, आणि येझीनं मध्ये एकदाही मान वळवली नाही. अशा ऐकण्याची कदमशोला सवय राहिली नव्हती.

तिसऱ्या सकाळी पाणी तिसऱ्या रेघेवर होतं. म्हणजे गुडघ्याखाली. कदमशोनं वहीत तीन लिहिलं, घरी आला आणि सायकलवर पिशव्या बांधणाऱ्या येझीला म्हणाला, की पाणी सहाला आहे, आज नको.

येझीनं पिशव्या सोडल्या. दुपारी कदमशो शेळीमागं गेला असताना तो कोनाड्यातली वही चाळत बसला. आकडे कुणालाही वाचता येतात.

कदमशो परतला तेव्हा सायकल बांधून तयार होती. येझी चिडला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं.

"एक दिवस मागितला असतास तर दिला असता, कदमशो. तू पाण्याचं नाव घेतलंस."

तो निघून गेला. सायकलवाले एकमेकांसाठी फोनवर निरोप ठेवतात, कुठं पाणी मिळेल, कुठं कुत्रं चावतं. येझीनं लिहिलं, की पाशदऱ्याच्या शेवटच्या घरातला म्हातारा भला आहे, पण त्याच्या बोलण्यावर जाऊ नका. त्याची वही बघा. वही खोटं बोलत नाही.

त्यानंतर आलेल्यांनी तेच केलं. हसून नमस्कार करायचे, वही मागायचे, शेवटचा आकडा बघायचे आणि निघायचे. चहाला कुणी थांबेना. आठवडाभरात गावाला सगळं कळलं. शेजारची लालबेगिम जर्दाळू वाळत घालताना म्हणाली, "काय दादा, पाहुणे आता तुम्हाला सोडून वहीला सलाम करतात म्हणे. तिलाच चहा पाजत जा." बाया हसल्या. कदमशोही हसला आणि घरात गेला.

जुलैच्या शेवटी ऊन असं तापलं की वरची हिमनदी दिवसभर गळू लागली. एके दुपारी एक मुलगी एकटीच आली. तराने तिचं नाव, इराणची. तिची भाषा त्याच्या भाषेला जवळची, त्यामुळं प्रत्येक शब्द समजत होता. कदमशो शेळीसाठी गवत कापत होता. तिनं ओसरीवर ठेवलेली वही स्वतःच उघडली, तीन वाचलं, हात हलवला आणि पुढं गेली. तो हाका मारत राहिला. तिनं मागं न बघता हात पुन्हा हलवला.

तीन खरं होतं. पण ते सकाळी सातचं होतं. आता चार वाजत आले होते.

कदमशोनं वही काखेत मारली आणि निघाला. चौसष्ट वर्षांच्या गुडघ्यांनी जेवढं पळता येतं तेवढा पळाला. तो ओढ्यावर पोचला तेव्हा तिनं बूट गळ्यात अडकवले होते. पाणी राखेच्या रंगाचं, तळ दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

"पोरी, आठवी रेघ आहे. मागं फिर."

"वहीत तीन आहे, अमूजान." अमूजान म्हणजे काका.

"ते सकाळचं."

"पोलंडच्या काकांनाही असंच काहीतरी सांगितलं होतंत ना?" ती आदबीनंच बोलली, पण सायकलची मूठ सोडली नाही. "मला माहीत आहे, एकटं वाटतं. पण मला आज वर पोचायचंय."

"त्याच्याशी खोटं बोललो," कदमशो म्हणाला. "तो एक दिवस. त्याच्या आधी नाही, नंतर नाही."

त्याचा शब्द आता कशालाच पुरत नव्हता. तो खडकाशी गेला, वाकून रेघ बघितली, मांडीवर वही उघडली. लिहायची वेळ सातची होती, आणि जागा झेबोची होती. पेन्सिल थोडी थांबली. मग संध्याकाळच्या कोऱ्या रकान्यात त्यानं आठ लिहिलं, कडेला वेळ टाकली, आणि शेऱ्यात लिहिलं, 'दगड चालतात.' वही तिच्यापुढं धरली आणि शेरा वाचून दाखवला.

तिनं आधीची पानं उलटली. मागं, आणखी मागं. सगळीकडं तो रकाना रिकामा.

"दगड चालतात म्हणजे?"

त्यानं तिला खडकावर तळवा ठेवायला सांगितलं. तिनं ठेवला. पाण्याच्या आवाजाखाली, खोल कुठंतरी, ओढ्याच्या तळाचे मोठाले धोंडे एकमेकांवर आदळत खाली चालले होते. तो धक्का खडकातून तिच्या मनगटात आला, मग पुन्हा आला. तिनं हात काढून घेतला आणि सायकल चार पावलं मागं घेतली.

कदमशोनं तिला घरी बोलावलं. रोटी आहे, दही आहे म्हणाला. तिनं आभार मानले आणि तंबू तिथंच वरच्या बाजूला ठोकला. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

सकाळी सातला तो आला तेव्हा ती आवरून खडकाजवळ बसली होती. पाणी उतरून तिसऱ्या रेघेवर आलं होतं. तिनं वही मागितली नाही. फक्त त्याच्या तोंडाकडं बघितलं.

"जा," तो म्हणाला. "सायकल पाण्याच्या खालच्या अंगाला धर."

ती पार झाली. पलीकडं दगडावर बसून तिनं सावकाश बूट घातले, काहीतरी ओरडून सांगितलं. पाण्याच्या आवाजात ते त्याला ऐकू आलं नाही. त्यानं ऐकू आल्यासारखा हात वर केला. वळणावर तिच्या मागच्या पिशवीचा लाल रंग जरा वेळ दिसला, मग डोंगरच राहिला.

त्यानं तीन लिहिलं. शेजारचा रकाना रिकामा होता. आता संध्याकाळी सातलाही यायचं, हे त्यानं ठरवून टाकलं. त्याला अजून अख्खा दिवस होता, आणि घरी काही काम नव्हतं. तो खडकाला पाठ टेकून तिथंच बसला.