काजवालीचे रोजचे दोन अपघात

काजवाली माझ्या दोन दारं पलीकडे राहते. शर्टांच्या कारखान्यात काजाच्या मशीनवर बसते. दिवसाला हजारभर काजं, एक तिरकं दाखवा. तिचं खरं नाव आता नवराही घेत नाही.

तिची पाळी मात्र लहरी. वर्षातून तीनदा यायची, आली की पंधरा दिवस मुक्काम ठोकायची. हनुवटीवर केस, मान काळवंडलेली, वजन वाढतंच. नणंद म्हणाली, "वहिनी, लग्न झालं की हे आपोआप बरं होतं."

"अगं, पाच वर्षं झाली. तुझ्याच भावाशी झालंय!"

शेवटी मीच तिला ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासून पीसीओएस सांगितलं, अंडाशयांचा विकार. गोळ्या, रोजचं चालणं, ताटातला भात निम्मा. सातव्या वर्षी दिवस राहिले. गल्लीनं आनंद मानायच्या आत, सहाव्या महिन्यात रक्तात साखर निघाली.

"गरोदरपणातला मधुमेह," बाई म्हणाल्या. "पीसीओएस असलं की धोका जास्त. खाल्ल्यावर दोन तासांनी बोट टोचून साखर बघायची, वहीत लिहायची. एकशेवीसच्या आत हवी. नाही राहिली तर इन्सुलिन देऊ, त्याला घाबरू नकोस. न मोजण्याला घाबर."

घरी ठीक होतं. कारखान्यात सकाळी नऊला आणि दुपारी अडीचला टोचायची वेळ यायची. पहिल्याच दिवशी सुपरवायझरनं तिच्या बोटावर रक्ताचा थेंब पाहिला आणि शिट्टी फुंकली.

कारखान्याचा नियम असा: सुईनं रक्त निघालं की तो अपघात. नोंदवहीत लिहायचा. दारावर फलक आहे, 'अपघाताविना गेलेले दिवस'. त्यावर दोनशे बारा होते. पुसून शून्य केलं. दुपारी अडीचला पुन्हा शिट्टी, पुन्हा फलक पुसला. शून्य खोडून शून्य लिहिलं!

दुसऱ्या दिवशी सुरक्षा अधिकारी आले. हा माणूस शिलाईच्या हॉलमध्ये हेल्मेट घालून फिरतो. डोक्यावर काय पडणार, कॉलर? त्यांनी मशीन उलटंपालटं करून तपासलं.

"एका दिवसात दोनदा टोचलं म्हणजे मशीनमध्ये दोष आहे."

"साहेब, मीच टोचते. बाळासाठी."

"बाळाचं वय?"

"यायचंय अजून."

त्यांनी नोंद केली: 'कामगार कामाच्या जागी बाळ आणते.' वर ताकीद दिली. एका जागी महिन्यात तीन अपघात झाले की ती जागा धोक्याची. मशीनला सील आणि माणसाला काम बंद. दोन झालेच होते.

त्या दिवसापासून तिनं कारखान्यात टोचणं बंद केलं. बाईंना दाखवायला वहीत स्वतःच आकडे लिहू लागली. एकशेदहा, एकशेबारा, एकशेदहा. मी वही पाहिली आणि माझं डोकंच फिरलं.

"कुणाला फसवतेस गं? मला, बाईंना, की पोटातल्याला?"

ती रडली नाही. म्हणाली, "मशीन गेलं तर घरात बसवतील, ताई. आणि सासूबाई बाळाच्या नावानं दिवसभर गोड चारतील."

शाळा माझी सातवीपर्यंत, पण नियम वाचायला सातवी पुरते. मी तिच्याकडून कारखान्याच्या नियमांचं पुस्तक मागवून घेतलं आणि तिच्यासोबत साहेबांपुढे गेले. भाषण पाठ होतं. सकाळची साडेआठची वेळ. साहेब मलाच नियम समजावत बसले, त्यात नऊ वाजले. काजवालीनं पिशवीतून साखर मोजायचं यंत्र काढलं, साहेबांच्या टेबलावर ठेवलं, आणि बोट टोचलं.

साहेब खुर्ची मागे ढकलून उठले. "हे काय? इथे?"

"अपघात, साहेब," काजवाली म्हणाली. "लिहा. जागा, तुमचं टेबल."

"मला नऊची आणि अडीचची वेळ पाळावीच लागते," तिनं शांतपणे पुढे सांगितलं. "मशीनवर बंदी आहे, तर इथे येईन. उद्या दुपारपर्यंत चार होतील."

साहेबांनी बोटांवर हिशेब केला. तीन झाले की टेबलाला सील. आणि त्या जागेचा माणूस? त्यांनी हेल्मेट काढलं. पहिल्यांदा कळलं, गृहस्थांना टक्कल आहे. मग नोंदवहीत त्यांनी लिहिलं: 'डॉक्टरांनी सांगितलेलं टोचणं अपघात नव्हे. आधीच्या दोन नोंदी रद्द.' खाली सही, शिक्का.

यंत्रावर आकडा आला एकशे अडतीस. माझं भाषण तोंडातच राहिलं. "चल," मी म्हणाले, "आधी चाल."

पुढच्या तपासणीत तिनं बाईंना खरी वही दाखवली, बोलणी खाल्ली. रात्रीचं इन्सुलिन सुरू झालं. दुपारच्या सुट्टीत हॉलभोवती फेऱ्या. मुलगी झाली तीन किलोची, आवाजात माझ्या वरताण. बाईंनी बजावलं, सहा आठवड्यांनी, मग दरवर्षी आईची साखर पुन्हा बघायची, हा आजार मागे वळून येतो.

कामावर परतल्यावर वर्षाच्या तपासणीसाठी तिनं सुट्टी मागितली, तर साहेब म्हणाले, "बाळ बाहेर आलं की! आता कसली साखर?"

तिनं मला बोलावलंही नाही. स्वतःच पुस्तक घेऊन आत गेली.