आईच्या अश्वगंधेच्या गोळ्या

परवा इथे लिहिलं होतं, की अश्वगंधेच्या गोळ्यांनी आईला झोप लागते, ती हसते-बोलते. ते मागे घेते.

बाबा गेल्यापासून तिला झोप नाही. म्हणून महिनाभर रोज एक गोळी, असं ठरलं होतं. आज रावपुऱ्यात तिच्याकडे गेले, तर शेजारच्या कोकिलाबेन म्हणाल्या, "तारी मम्मीनी गोळी बहु सारी!" म्हणजे, तुझ्या आईची गोळी फार छान.

आई चार घरी गोळ्या वाटत होती.

"अगं, औषध आहे ते! प्रसाद नाही!"

"एकटीनं खाणं बरं दिसतं का?"

"आणि तुझी झोप?"

"कुठली झोप! पण रोज सकाळी सगळ्या सांगायला येतात, कशी झोप लागली ते. मग चहा होतो."

बाटली उद्या संपेल. तुम्ही दुसरी आणली असती का?