दाढेवरचा गुडाखू

गोंदियाजवळ आमच्या कामठ्याकडे बऱ्याच बाया सकाळी उठल्यावर आधी गुडाखू घासतात, मग चहा. तंबाखू आणि गुळाचा तो काळा, चिकट लगदा छोट्या डबीत मिळतो. बोटावर घ्यायचा, हिरड्यांवर फिरवायचा आणि थुंकत बसायचं. मी लग्नाआधीपासून घासत होते. याला व्यसन म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. आम्ही त्याला दात घासणंच म्हणत होतो.

लेक झाली ती दोन हजार सालाच्या आसपास. धानाच्या रोवणीच्या दिवसांत तिला बांधाच्या कडेला झोपवून मी चिखलात उतरायची. ती रडू नये म्हणून बाटलीत साखर घातलेलं दूध द्यायची, दूध नसलं की गोड चहा. बाटली तोंडात घेऊनच ती झोपायची. तीन वर्षांची होईतो तिचे समोरचे वरचे दात काळे पडून झिजले. शेजारणी तिला बोळकी म्हणायच्या, तीही हसायची. सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, दुधाचे दात आहेत, पडतील. आणि खरंच, ती दुसरीत असताना ते पडले आणि त्या जागी पांढरे, दणकट दात आले. मी निर्धास्त झाले. त्या निर्धास्तपणानंच माझा घात केला.

तिसरीत असताना, रोवणीच्याच दिवसांत, तिची खालची, अगदी मागची दाढ दुखायला लागली. मी बोट घालून चाचपलं, खड्डा लागला. मनात म्हटलं, ही पण दुधाचीच असेल, पडेल आणि नवी येईल. तोवर दुखणं दाबायला माझ्यापाशी औषध होतंच. गुडाखूनं तोंड बधिर होतं हे मला माहीत होतं. मी डबीतला बोटभर काढून तिच्या दाढेत भरला. पहिल्या दिवशी तिला चक्कर आली, ती ओकली आणि मग शांत झोपली. दुसऱ्या दिवशी ओकली नाही. मला वाटलं, सोसलं.

रोवणी संपेपर्यंत हेच चाललं. सकाळी ती माझ्याजवळ येऊन बसायची, तोंड उघडायची, मी माझ्याच डबीतून तिला लावायची. आम्ही दोघी शेजारी बसून थुंकायचो. दाढ आतून सडत होती, तिला कळत नव्हतं आणि मला पाहायचं नव्हतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय.

मग एका सकाळी तिचा गाल सुजून डोळा बारीक झाला होता, अंगात ताप होता. तिला घेऊन गोंदियाला गेले. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आत पाहिलं आणि म्हणाल्या, दाढ काढावी लागेल, वाचवण्यासारखं काही उरलेलं नाही. मी म्हटलं, काढा, दुधाचीच आहे.

"ये दूध की नहीं है, बाई. पक्की दाढ़ है. ये दोबारा नहीं आएगी."

मग आरसा धरून त्यांनी मला दाखवलं. ही दाढ सहाव्या वर्षी, सगळ्या दुधाच्या दाढांच्या मागे येते. ती येताना काहीच पडत नाही, म्हणून आयांना पत्ताच लागत नाही. महिन्यातून एकदा पोरांना उजेडात बसवून तोंड पाहावं, काळा ठिपका दिसला की तेव्हाच यावं, ठिपका असताना दाढ भरता येते. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश आईबापानं स्वतः फिरवावा, रात्री झोपताना तर चुकवू नये, आणि ब्रश झाल्यावर पाण्याशिवाय काही देऊ नये. बाटली तोंडात ठेवून झोपवणं तर कधीच नाही. मी मान हलवत होते. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मला रडू आलं नाही, काही वाटलंच नाही. लाज वाटायला पुढं कितीतरी दिवस गेले. गुडाखूचं मी त्यांना सांगितलं नाही.

औषधं घेऊन सूज उतरल्यावर चार दिवसांनी दाढ काढली. लेक धीटपणे बसली. घरी येताना तिच्यासाठी ब्रश घेतला. संध्याकाळी तिला समोर बसवून मी स्वतः तो फिरवला, मागच्या दाढांपर्यंत. दाढ काढलेल्या जागेला तेवढा लागू दिला नाही.

पुढच्या आठवड्यात, जखम भरत आल्यावर, ती सकाळी नेहमीसारखी माझ्याजवळ येऊन बसली. पण तिनं तोंड उघडलं नाही, हात पुढे केला.

डबी उघडत मी म्हटलं, "दाढ तर काढली नं. आता काऊन पाहिजे तुले?"

"दाढ नाही दुखून राहिली. डोस्कं जड होऊन राहिलं. थोडासाच दे."

ते जडपण मला ठाऊक होतं. एक दिवस डबी सापडली नाही की माझंही तसंच व्हायचं. आठ वर्षांची पोर होती ती. हिरड्यांवर बोट फिरवत मी नाही म्हणून मान हलवली. ती रडली नाही, हात तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली. मला तिला समजावून सांगायचं होतं, पण बोलता येत नव्हतं. माझं तोंड गुडाखूनं भरलेलं होतं.