बायोस बदलायचा दिवस

सत्यवतीचा स्वभाव मुळातच धास्तीचा. घरातून निघताना गॅस बंद केला का, हे पाहायला ती अर्ध्या जिन्यावरून परत फिरायची आणि नवरा हयवदन खालून ओरडायचा, "अगं, बस जाईल!" कानडी मुलखात, बसवनगुडीतल्या जुन्या मराठी घरात वाढलेली ही बाई पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या गिअर कारखान्याचं ऑफिस सांभाळायची. मालक कृष्णमूर्तींनी कॉम्प्युटर आणला, तेव्हा क्लास लावून ती तो शिकली. गिऱ्हाइकांची सगळी ड्रॉइंग्ज त्याच एका मशीनमध्ये होती.

नव्याण्णव सालच्या दिवाळीनंतर तिनं कॉम्प्युटरची तारीख पुढे सरकवून पाहिली. दोन हजारच्या जागी एकोणीसशे साल उमटलं. आतला बायोस, म्हणजे कॉम्प्युटर चालू होताना सगळ्यात आधी जागा होणारा प्रोग्राम, जुना होता. तो बदलणं भाग होतं.

गावातल्याच शिवाजीनगर भागातल्या बिंदुमाधवनं हे मशीन जोडून दिलं होतं. त्यानं नव्या बायोसची फ्लॉपी हातात ठेवली. "सोपं आहे, अक्का. फक्त मध्येच करंट जाऊ देऊ नका. गेला तर आतला मुख्य बोर्ड मेलाच समजा."

रोज करंट जाणाऱ्या पीण्यात, आणि तो जाऊ द्यायचा नाही! त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं कॉम्प्युटरचा डबा उघडून, टॉर्च मारून बोर्डावरचा नंबर वाचला. फ्लॉपीवरच्या नंबरात शेवटचं अक्षर वेगळं होतं. ती पुन्हा शिवाजीनगरला गेली. "एका अक्षरानं काय होतंय?" असं पुटपुटत बिंदुमाधवनं कागद काढले, आणि त्याचा चेहरा उतरला. "बरं झालं आलात. ही घातली असती तरी बोर्ड गेला असता." त्यानं दुसरी फ्लॉपी करून दिली. पण तिला हायसं वाटायच्या ऐवजी धडकीच भरली. आणखी काय काय चुकू शकतं?

तिनं जमतील तेवढी ड्रॉइंग्ज फ्लॉप्यांवर उतरवली. जुना बायोसही एका फ्लॉपीवर ठेवला. कारखान्याच्या सुट्टीचा दिवस निवडला आणि यूपीएसची बॅटरी भरून घेतली. कृष्णमूर्ती खुर्ची ओढून मागेच बसले. तिनं देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं.

पडद्यावर पांढरी पट्टी हळूहळू पुढे सरकू लागली. ती निम्म्यावर असताना पंखा थांबला. करंट गेला होता. यूपीएस पीं पीं करायला लागला.

"बंद कर, बंद कर! मशीन जळेल!" कृष्णमूर्ती उठले आणि त्यांनी स्विचकडे हात नेला.

"सर, हात लावू नका!" सत्यवती किंचाळली. इतक्या वर्षांत तिचा आवाज त्यांच्यापुढे कधी चढला नव्हता. त्यांचा हात तिथंच थांबला. पट्टी सरकत होती. यूपीएसचं ओरडणं जलद झालं. पट्टी टोकाला पोचली, खाली एक ओळ उमटायला लागली, आणि ती वाचायच्या आत यूपीएस संपून पडदा काळा पडला.

"झालं का?" कृष्णमूर्तींनी विचारलं.

"माहीत नाही, सर."

मग नुसतं बसून राहायचं. कृष्णमूर्ती कॉफी घेऊन आले. तिची तशीच निवली. नोकरी गेली तर घरी काय सांगायचं, इथपर्यंत तिचं मन जाऊन आलं. दुपार कलली तेव्हा पंखा फिरला.

तिनं बटण दाबलं. पडदा उजळला. पण डिस्क सापडत नाही, असं लिहून आलं. मग फ्लॉपी देताना बिंदुमाधवनं सांगितलेलं तिला आठवलं: नवा बायोस जुन्या नोंदी विसरतो, डिस्क पुन्हा ओळखून द्यावी लागते. तिनं मेनू उघडून डिस्क शोधायला लावली. ड्रॉइंग्ज एकेक करून समोर आली. तारीख पुढे नेली, तर दोन हजार साल दिसलं.

"सरी, ठीक!" एवढंच म्हणून कृष्णमूर्तींनी सुस्कारा सोडला.

घरी पोचल्यावर हयवदननं सहज विचारलं, "काय गं, उशीर?" त्यावर ती चपला न काढताच उंबऱ्यात बसून रडायला लागली. तो बिचारा घाबरून पाणी आणायला धावला.

पुढच्या आठवड्यात कृष्णमूर्तींनी आपल्या भावाच्या कारखान्यातला कॉम्प्युटरही तिच्याकडेच सोपवला. तोही तिनं नीट केला. बटण दाबण्याआधी बोर्डावरचा नंबर मात्र टॉर्च मारून तीनदा वाचला.